काचेवर पहिला तास सगळ्यांत पुढे राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीच्या फ्लॅटमधली बंद करून घेतलेली बाल्कनी हाच तुमचा स्टुडिओ. ऑफिस आटोपून, घरचे झोपल्यावर, रात्री अकरा ते दोन तुम्ही तिथे बसता. त्या तासांचंच एक अमूर्त चित्र काचेवर करायचं तुमच्या मनात आहे. दोन फूट बाय तीन फूट काच, रंग मागच्या बाजूने. तीनदा करून पाहिलंत. रात्री दीडला चित्र खोल आणि जिवंत दिसतं, सकाळी तेच सपाट आणि धुरकट. तिसऱ्या काचेवर तर काळ्या रंगाचा अख्खा पापुद्रा मास्किंग टेपबरोबर निघून आला. म्हणून तुम्ही विचारलंय, काळा रंग कोणता घेऊ?

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात मी 22 वर्षं काचेवर काम करते आहे. सुरुवातीला दुकानांच्या दारांवर नक्षी कोरून द्यायचे, पुढे स्वतःची चित्रं करू लागले. त्या भरवशावर सांगते, काळ्या रंगाचं उत्तर दोन ओळींत देता येईल आणि ते मी देईनच. पण तुमची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू झाली आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात: तुम्ही चित्र बघता कुठून, काच ओली असताना रंगवता का, आणि रात्रीचा कुठला तास तुम्हाला पुढे हवा आहे. तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे, कारण चित्र तिथेच ठरतं. पण आधी पहिल्या दोन सोडवू.

रात्री तुम्ही काचेच्या रंगाकडच्या बाजूला बसता. दिवा तुमच्या बाजूला, हात तुमच्या बाजूला, म्हणजे तीन तास तुम्ही चित्राची पाठ बघत असता. ओला रंग चकाकतो, ब्रशचे उठाव दिसतात, शेवटचा फटकारा सगळ्यांत वर दिसतो. मग सकाळी काच उलटी करून भिंतीला टेकवता आणि पहिल्यांदाच चित्राचं तोंड बघता. रात्रीचं आणि सकाळचं चित्र वेगळं दिसतं यात नवल नाही. ती दोन वेगळी चित्रं आहेत.

उपाय साधा आहे. काच टेबलावर आडवी ठेवू नका, ईझलवर उभी करा. पलीकडे दोन-अडीच फुटांवर एक मोठा आरसा ठेवा, काचेपेक्षा रुंद. कपाटाच्या जुन्या दाराचा मिळाला तरी चालेल. दिवा आरशाच्या बाजूला न्या आणि त्याचा उजेड तिरका काचेवर पडू द्या. आता जरा बाजूला झुकलात की आरशात चित्राचं तोंड दिसेल, आणि त्यातलं डावं-उजवं तुमच्या हाताशी जुळतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. दर दहा मिनिटांनी झुकून बघायची सवय लागली की निम्मा प्रश्न संपतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी रंग देतच नाही. आरसा लावायला लावते.

सकाळच्या धुरकटपणाचं दुसरं कारण काचेतच आहे. काचेचा पुढचा पृष्ठभाग त्यावर समोरून पडणाऱ्या उजेडातला सुमारे 4 टक्के भाग परत फेकतो. मागे रंग नीट चिकटलेला असेल तर त्या बाजूने फारसं काही परत येत नाही, म्हणून काचेमागचा रंग इतका ओला आणि गडद दिसतो. पण तुमचं चित्र रात्रीचं आहे, म्हणजे बराचसा भाग जवळजवळ काळा. काळा रंग स्वतःच जेमतेम तेवढा उजेड परत करतो. रात्री खोलीत एकच दिवा असतो आणि काचेसमोर अंधार, तेव्हा तो 4 टक्के कुणाला जाणवत नाही. सकाळी समोर बाल्कनीची उघडी खिडकी आणि पावसाळी पांढरं आभाळ असतं. त्या आभाळाचे 4 टक्के तुमच्या काळ्यावर पसरतात आणि काळा राखाडी होतो. रंग बदललेला नसतो, त्याच्यावर आभाळ बसलेलं असतं.

म्हणून चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर कधी लावू नका. खिडकीला काटकोनातली भिंत निवडा. आणि खरं-खोटं करायचं असेल तर सकाळी चित्रासमोर एक काळी चादर किंवा काळी साडी दोन्ही हातांनी धरून तिच्याआडून बघा. रात्रीची खोली परत येते. काही जण प्रतिबिंब न पडणारी महागडी काच सुचवतील. एवढ्यासाठी मी तो खर्च करणार नाही. काचेत बघणाऱ्याचा चेहरा थोडा दिसतोच, आणि रात्रीच्या चित्रात तो दिसलेला मला आवडतो. रात्री काम करताना काळ्या खिडकीत आपण आपल्यालाच दिसत असतो की.

उजेडाबद्दल एवढं आणखी. मंद उजेडात डोळ्याला निळा-हिरवा उजळ वाटतो आणि लाल काळवंडलेला. पुर्किंये या शास्त्रज्ञाने हे 1819 मध्ये नोंदवलं होतं. तुमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यांत दिव्याचा उजेड पोचत नसेल तर तिथे तुम्ही लाल नकळत जास्त लावाल आणि सकाळी तो अंगावर येईल. 4000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर उजेड देणारा, आणि 90 च्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी घ्या. खोक्यावर बहुतेक वेळा दोन्ही आकडे छापलेले असतात. एकाऐवजी दोन दिवे लावा.

आता पापुद्रा. प्रश्नात तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय, ते मी तीनदा वाचलं: "एसी चालू ठेवून काम करते, मग थिनरचा वास बसतो म्हणून बारा-साडेबाराला खिडकी उघडते." गडबड इथे आहे. जुलैत आपल्याकडे, खाडीच्या दोन्ही काठांना, रात्रीची हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली तर दवबिंदू, म्हणजे ज्याखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते तापमान, 25 अंशांवर असतो. तुमची काच एसीत बसून 23-24 अंशांवर आलेली असते. खिडकी उघडताच बाहेरची हवा त्या गार काचेवर टेकते आणि काचेला घाम फुटतो. गार पाण्याच्या बाटलीसारखे थेंब येतीलच असं नाही. इतका पातळ थर असतो की समोरून बघितलं तर काच कोरडीच दिसते.

माझं एक मोठं काम असंच गेलंय. गाळ्यात त्या वर्षी नवीनच एसी बसवला होता. रात्री दीडला शटर वर करून चहा घेतला, परत आले आणि मागचा गडद थर द्यायला बसले. सहज बोट काचेवरून ओढलं तर बोटामागे एक रेघ उमटली. दिव्याकडे तिरकं बघितलं तेव्हाच दिसली, चमकदार रेघ आणि दोन्ही बाजूंना धुकं. मी ते फडक्याने पुसलं आणि रंग दिला. फडकंही दमट होतं. आठ दिवसांनी त्या भागात रंग आणि काच यांच्यामध्ये दुधाळ ढग दिसू लागले, महिन्याभरात नखाने पापुद्रा सुटू लागला. तेव्हापासून पावसाळ्यात माझा नियम आहे: एसी लावायचा तर रात्रभर बंद खोलीत लावायचा, नाहीतर अजिबात नाही. सॉल्व्हंटचे रंग असतील तर खोली बंद ठेवायचीच नाही, म्हणजे एसी नाहीच. पंखा, बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट आणि खोलीच्याच तापमानाला आलेली काच. थिनरची वाफ चार बाय आठच्या बंद बाल्कनीत रोज तीन तास घेणं हे चित्रासाठी नाही, तुमच्या फुप्फुसांसाठी आणि डोक्यासाठी वाईट आहे. शेजारच्या खोलीत घरचे झोपलेले असतात, हेही ध्यानात घ्या.

काच धुण्याची रीतही सांगते. भांड्यांचा साबण, मग साधं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न वापरलेलं सुती फडकं. ती नीट धुतली गेली का हे पाण्यावरून कळतं. उभ्या काचेवर पाणी ओता. पाणी अखंड पदर होऊन उतरलं तर काच स्वच्छ. मध्येच फाटलं, थेंब जमले, तर तिथे अजून तेल आहे, बहुतेक तुमच्याच बोटाचं. त्यानंतर काच फक्त कडेने धरायची. म्हणून दुकानातून घेतानाच कडांना पॉलिश मारून घ्या, नाहीतर बोट कापेल. या आकाराला 4 एमएम पुरेल, वजन साडेपाच किलोच्या आसपास भरतं. साध्या काचेत लोहामुळे हिरवट झाक असते. चित्रात पांढरा किंवा फिका पिवळा महत्त्वाचा असेल तर 'एक्स्ट्रा क्लिअर' मागा. चित्र जाण्या-येण्याच्या वाटेवर लावायचं असेल तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच घ्या, पण माप आणि भोकं आधी पक्की करा. टफन केल्यावर तिला काच कापायची हिरकणी लावता येत नाही.

पापुद्र्याचं दुसरं कारण समजायला काचेवर रंग कसा वाळतो ते बघावं लागेल. कॅनव्हास थोडा श्वास घेतो, कागद रंग पितो. काच काहीच पीत नाही. रंगाला वाळायला हवा मिळते ती फक्त पाठीमागून. म्हणजे पाठ आधी वाळते, आणि बघणाऱ्याला दिसणारं तोंड सगळ्यांत शेवटी. तुम्ही आतल्या तेलरंगाला चार दिवसही न देता वरून काळ्या इनॅमलचा जाड हात दिलात. इनॅमल वरून कडक झालं, आकसलं, आणि खालच्या अजून मऊ असलेल्या थराला खेचत राहिलं. टेप ही फक्त शेवटची ओढ होती. काचेवर दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी टिकतात. दोन हातांमध्ये किती दिवस, हे रंगावर आणि ऋतूवर आहे. सॉल्व्हंटचे काचरंग एका दिवसात हाताळण्याजोगे होतात. पातळ तेलरंगाला मी उन्हाळ्यात आठ-दहा दिवस देते, पावसाळ्यात पंधरा-वीस. भट्टीशिवाय पक्कं काम हवं असेल तर घरच्या ओव्हनमध्ये 160 अंशांना भाजायचे पाण्याचे काचरंग मिळतात, पण दोन बाय तीनची काच घरच्या ओव्हनमध्ये जाणार नाही. म्हणून तुमच्या आकाराला तो मार्ग नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

कॅनव्हासवर शेवटचा हात वर येतो. चुकलं, झाकलं. अकरा वाजताचं जे नको ते दोन वाजता पुसता येतं. मागून रंगवलेल्या काचेवर पहिला फटकारा बघणाऱ्याच्या सगळ्यांत जवळ असतो आणि कायम तिथेच राहतो. नंतरचं सगळं त्याच्या मागे जातं. तंजावरचे काचचित्रकार देवीचे दागिने आणि भुवया आधी काढायचे, मग चेहरा, मग वस्त्र, आणि मागचा पडदा अगदी शेवटी. ही कला आपल्याकडे अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर आली, पण उलट्या क्रमाचा हा हिशेब सगळीकडे तोच आहे. बव्हेरियातल्या मुर्नाऊ गावात गॅब्रिएल म्युंटर आणि कँडिन्स्की या चित्रकारांनी तिथल्या लोककलेतून 1908-09 च्या सुमारास काचचित्र उचललं, तेव्हा त्यांनाही आधी पुढचं आणि मग मागचं असाच विचार करावा लागला असणार. कँडिन्स्की पुढे अमूर्ताकडे गेला. काचेमुळे गेला असं मी म्हणणार नाही, पण आकार, रेघ आणि रंग एकमेकांपासून सुटे करून बघायची सवय काच लावते, हे माझ्या हाताला माहीत आहे.

तुम्ही दिव्याचं वलय, खिडकीतला काळोख, पाम बीच रोडकडच्या दिव्यांची रांग असं काय काय सांगितलंत. ते सगळं चांगलं आहे, पण ते रात्रीचं दृश्य झालं. तुम्हाला हवंय रात्रीचं काम. आणि काच कामाचे तास स्वतःच साठवते. अकराला हात ताजा असतो, रेघ धीट असते, माणूस नको तितका हुशार असतो. बाराला थोडा संथ. दीडनंतर हात जड होतो, एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते, आणि माझा अनुभव असा की खरं काहीतरी तेव्हाच यायला लागतं. तुमच्या तिन्ही काचांमध्ये काय झालं? अकराचा हुशार हात पुढे बसला आणि दीडचा हात त्याच्या मागे, काळ्याखाली गाडला गेला. रात्री पाठीमागून तुम्ही दीडचंच बघत होता, म्हणून ते जिवंत वाटत होतं. सकाळी तोंडाकडून फक्त अकरा दिसले.

म्हणून आधी ठरवा, पुढे कुठला तास हवा. दीडचा हवा असेल तर पहिल्या रात्री अकराला काचेला हातच लावू नका. शनिवार बघा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा. अकरा ते एक कागदावर काढत बसा, रंग घोटा, फडकी धुवा, काहीही करा. दीडला काचेसमोर बसा आणि अर्धा तास, फक्त अर्धा तास, पुढचा थर द्या. मग थांबा. तो थर वाळला की मग येणाऱ्या शनिवारी त्याच्यामागे बाराचा थर. शेवटी अकराचा, मोठा, सपाट, सगळ्यांना धरून ठेवणारा. म्हणजे रात्र उलटी लावायची. हे एका रात्रीत होणार नाही. वाळायला वेळ लागतो, तोच तुम्हाला घाईपासून वाचवतो. माझं असं एक चित्र तीन आठवड्यांत पाच रात्री बसून झालं.

पहिल्या थरात झाकणारे रंग कमी ठेवा. अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू हे निळे आणि अ‍ॅलिझरिन हा लाल, हे पारदर्शक आहेत, त्यांच्या मागे काय येईल त्यावर त्यांचं नशीब ठरतं. अल्ट्रामरीनच्या पातळ पदरामागे काळा दिलात तर ती खोली होते, टायटॅनियम पांढरा दिलात तर तोच निळा पेटतो. दिवा 'काढायचा' असेल तर दिवा काढू नका. त्या जागी निळा अर्धवट वाळू द्या आणि बांबूच्या काडीने खरवडा. काडी नीट टोकदार असेल तर रंगाची बारीक सळी वळत वर येते आणि तिच्यामागे स्वच्छ काच उघडी पडते. ती काडीचं टोक पुसून पुसून करायची गोष्ट आहे, प्रत्येक ओढीनंतर पुसायचं. मग त्या उघड्या रेघेमागे शेवटच्या थरांपैकी एकात फिका पिवळा किंवा चांदीचा वर्ख. वर्ख लावायला अर्धा लिटर कोमट पाण्यात जिलेटिनची एक रिकामी कॅप्सूल विरघळवा, ते पाणी काचेवर लावा आणि वर्ख सोडा. तो स्वतः चिकटतो. वाळल्यावर त्याच्यावर वॉर्निशचा हात हवाच, नाहीतर हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलर आणि चाकू वापरून रंगाचे थर चढवायचे आणि काढायचे. ते काचेवर करत नव्हते, तरी तुम्ही त्यांची चित्रं समोर उभं राहून जरूर बघा, मुंबईत संधी मिळते. काय काढलंय ते शोधू नका. कुठला थर कुठून काढून घेतलाय ते बघा. काचेवरच्या अमूर्ताला तेच डोळे लागतात.

आणि काच नेताना ती नेहमी उभी न्यायची, गाडीत आडवी टाकायची नाही, एकीवर एक तर कधीच नाही. माझी एक चार फुटी काच टेम्पोवाल्याने सतरंजीवर आडवी घातली आणि घोडबंदर रोडवरच्या पहिल्याच खड्ड्यात गेली. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकाराचं काचेवरचं काम 'द लार्ज ग्लास' 1926 च्या ब्रुकलिनच्या प्रदर्शनानंतर परतीच्या प्रवासात असंच तडकलं होतं, त्याने ते 1936 मध्ये तडे तसेच ठेवून जोडलं. फ्रेम करताना रंगाची पाठ प्लायला टेकू देऊ नका, मध्ये 3-4 एमएमची पट्टी घाला म्हणजे दमट भिंतीचा ओलावा थेट रंगापर्यंत पोचणार नाही.

राहिला काळा. दुकानातला तयार काळा घेऊ नका. लॅम्प ब्लॅक आणि आयव्हरी ब्लॅक तेलात फार सावकाश वाळतात, आणि काचेमागे ते भोकासारखे दिसतात. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग आणि अल्ट्रामरीन समसमान घोटा. अंबरमधल्या मँगेनीजमुळे मिश्रण लवकर वाळतं, आणि तुम्ही अंबर वाढवलात की काळा उबदार होतो, निळा वाढवलात की गार. तुमच्या खिडकीतून दिसणारं रात्रीचं आभाळ बघा, ठाणे-बेलापूर रोडवरच्या दिव्यांमुळे ते कधीच काळं नसतं, तांबूस-राखाडी असतं. तिकडे अंबर जास्त, खोलीच्या आत निळा जास्त. पातळ दोन हात द्या, आणि शेवटच्या हातानंतर तीन आठवडे त्या काचेला टेप लावू नका.